कशेडीच्या पुढे

गुणाजीकाका परब एसटीत बसले की त्यांचा उजवा पाय गाडी चालवायचा. एकदा मे महिन्यात आम्ही त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी गेलो होतो, तेव्हा मी ते पाहिलं. काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी. वळण आलं की त्यांचा पाय फळीवर दाबला जायचा, चढण लागली की टाच उचलली जायची, आणि समोरून ट्रक आला की ते श्वास धरायचे. शेजारी प्रेमाकाकू मांडीवर लाडवांचा डबा घेऊन बसलेल्या.

"सोडा आता तो बिरेक," काकू म्हणाल्या. "तेच्याकडे आसा तेचो."

"तो उशिरान दाबता गो."

"दाबूंदे. पगार तेका मिळता."

नाहूरला आमच्या समोरचं दार परबांचं. काकांचे वडील गिरणीत होते, काका बेस्टमध्ये ड्रायव्हर लागले, घाटकोपर डेपोला. स्टेशन ते वसाहत, वसाहत ते स्टेशन, अशी त्यांची उभी नोकरी गेली. एवढा रस्ता सरळ एका दिशेने टाकला असता तर आपण कितीदा कोकणात जाऊन आलो असतो, याचा हिशेब ते कधीकधी मांडायला बसायचे आणि काकू चहाचा कप पुढे करून तो मोडायच्या. कारण त्या हिशेबाच्या शेवटी काय येतं ते दोघांनाही माहीत होतं.

रिटायर झाल्यावर एक जुनी व्हॅन घ्यायची आणि गणपतीला काकूंना आपण स्वतः गाडी चालवत गावी न्यायचं, असं काकांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच कबूल केलं होतं. काकू पुढे, डावीकडे बसणार. आणि त्या म्हणतील तिथे गाडी थांबणार. ही शेवटची अट काकूंची. एसटी कधी त्यांच्या मर्जीने थांबली नव्हती. रस्त्याकडेला कोणी कोकम विकत बसलंय, एखाद्या देवळात आरती चाललीय, एखादी नदी भरून आलीय, आणि ते सगळं खिडकीतून मागे गेलेलं. "एकदा तरी माझ्या सांगण्यान गाडी थांबाक व्हयी," असं त्या म्हणायच्या.

मग डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. काकांना आधी कळलंच नव्हतं. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं. डावीकडची कड तेवढी पुसट होत चालली होती, आणि माणूस आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टीकडे कसा बघणार? डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी सांभाळायची. काकांचं स्टिअरिंग सुटलं. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी डेपोतच हलक्या कामावर काढली. व्हॅन घेतली गेली नाही. त्या कबुलीबद्दल त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही, निदान आमच्या कानावर आलं नाही.

लॅपटॉप सिद्धेशचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा. इंजिनिअरिंगला असताना त्याने हट्टाने गेमिंगचा घेतलेला. जाडजूड, काळा, झाकणावर लाल रेघ, आणि कीबोर्डखाली लाल दिवे. परीक्षा आली की काका त्याचा चार्जर पिशवीत घालून डेपोतल्या लॉकरमध्ये ठेवून यायचे. पुढे सिद्धेशला नोकरी लागली, लग्न झालं, तो चारकोपला राहायला गेला. ऑफिसने दुसरा लॅपटॉप दिला, आणि हा इथेच कपाटावर राहिला. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने तो खाली काढला, मित्राकडून एक वापरलेलं स्टिअरिंग आणि पायातले पेडल आणले आणि म्हणाला, "पप्पा, बस चालवणार?"

काका म्हणाले, "खुळो झालंस काय?" आणि उठून हात धुऊन आले.

ती बस चालवण्याची गेम होती. तिच्यात मूळचे रस्ते परदेशातले. पण कोल्हापूरकडच्या काही हौशी मुलांनी तिच्यासाठी पनवेलपासून सावंतवाडीपर्यंतचा रस्ता बनवला होता, लाल बस, हिरव्या पाट्या, घाट, पूल, सगळं. सिद्धेशने तो रस्ता एकदा स्वतः शेवटपर्यंत चालवून पाहिला होता. "पप्पा, फक्त आपला वेताळमळ्याचा फाटा नाहीये हं त्यात," त्याने आधीच सांगून टाकलं. "कसाल झालं की सरळ ओरोस."

"आमचो फाटो सरकारच्या नकाशात नाय, ह्या पोरांच्या खंय असतलो?" काकू म्हणाल्या.

स्टिअरिंग बसवायला जागा मिळाली ती काकूंच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. मशीन खाली दुमडायचं, फळी वर करायची, तिच्या कडेला स्टिअरिंग आवळायचं. पेडल खाली, मशीनच्या पायट्याला टेकवून. रविवारी दुपारी जेवणं झाली की काका गाडी काढायचे. सुरू करण्याआधी पडद्यावर बसभोवती एक फेरी मारायचे, चारी चाकं बघायचे, मग स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचे. काकू डाव्या बाजूला स्टुलावर. त्यांच्या हातात स्टीलची वाटी आणि चमचा. वाटीवर दोनदा चमचा वाजला की गाडी सुटली, एकदा वाजला की थांबवायची. बेस्टमधली कंडक्टरची घंटा. पण काकू नुसत्या घंटेपुरत्या नव्हत्या. डावीकडच्या पाट्या काकांना दिसत नसत, म्हणून त्या वाचून दाखवायच्या. "पेण. वडखळ. पुढे वळाण आसा. म्हशी, म्हशी!"

"दिसल्यो गो, मधी आसत त्यो."

आम्हाला भिंतीपलीकडून चमच्याचे दोन ठोके ऐकू यायचे आणि आई म्हणायची, "निघाले गावाला."

पण ते कधी पोचले नाहीत. पनवेलहून निघालेली बस पोलादपूर सोडून कशेडी घाट चढायला लागली की लॅपटॉप तापायचा. आधी पंख्याचा आवाज वाढायचा, मग चित्र अडखळायला लागायचं, आणि घाटातल्या कुठल्याशा वळणावर पडदा एकदम काळा. पुन्हा सुरू केलं की बस परत पनवेलला उभी. काकांनी खिडकीत ठेवून पाहिलं, टेबलफॅनसमोर ठेवून पाहिलं, काकूंनी एकदा खाली ओला पंचा घालायचं सुचवलं तेव्हा सिद्धेश फोनवर किंचाळला. प्रत्यक्षात कशेडीला आता बोगदा झालाय. घाट चढावा लागत नाही. "बोगदो झालो तरी माजी बस घाटातच बसता," काका म्हणायचे आणि हसायचे. त्या हसण्यानंतर ते थोडा वेळ स्टिअरिंग धरून तसेच बसायचे.

या वर्षी आषाढात काकांची पुन्हा डोळ्यांची तपासणी झाली. एका गोलाकार यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं आणि कडेला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं, अशी ती तपासणी. काकू बरोबर गेल्या होत्या. त्यांनी आईला सांगितलं, "बरोच येळ बटान दाबूकच नाय. माका वाटला, झोप लागली काय." डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. नजर अजून आत सरकली होती, एवढंच त्यांनी सांगितलं. तशी ती पुढेही सरकत राहणार होती.

त्या रविवारी काकांनी सिद्धेशला फोन केला. स्वतःसाठी काही मागायला त्यांनी मुलाला केलेला तो पहिलाच फोन असावा. "सिद्धू, ता लॅपटॉपचा काय ता बघूया. माका एकदा कशेडीच्या पुढे जावचा आसा. दिसता तोपर्यंत."

सिद्धेश पुढच्याच रविवारी आला. आधी म्हणाला, "पप्पा, नवीनच घेऊ या ना. हा आता म्हातारा झाला." मग त्याने त्या कोल्हापूरच्या मुलांचा नकाशा शोधला, आणि तो मिळेना. मुलांनी तो कधीच काढून टाकला होता. शिवाय तो फक्त गेमच्या जुन्या आवृत्तीवर चालायचा, नवीन लॅपटॉपवर नवीन गेम आली असती आणि तिच्यात हा रस्ताच नसता. म्हणजे पनवेल ते सावंतवाडी हा रस्ता आता या एका जुन्या लॅपटॉपमध्ये उरला होता.

"मग ह्याकाच पिटावर घेवया," काका म्हणाले. पिट म्हणजे डेपोतला तो खड्डा, ज्याच्यावर बस उभी करून खालून तपासतात. "गाडी जुनी झाली म्हणून कोण लगेच भंगारात घालीत नाय."

सिद्धेशने जास्तीची रॅम बरोबरच आणली होती, ऑनलाइन मागवून. त्याने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढायला घेतले, आणि रॅमची पट्टी खाचेत बसेना. एकदा उलटी करून पाहिली, एकदा जोर लावून. काका वरून बघत होते.

"दुसऱ्या मॉडेलचो पार्ट आणलंस."

"तसं नाही पप्पा, ही नव्या प्रकारची आहे, याला जुनी लागते."

"म्हणजे दुसऱ्या मॉडेलचो."

"हो, बरं, दुसऱ्या मॉडेलचो!" सिद्धेश वैतागून हसला. "माझा चार्जर लॉकरमध्ये ठेवत होतात ना, त्याची शिक्षा आहे ही. आता गेम खेळायची आहे कोणाला, बघा."

"मी खेळणय नाय. मी गाडी चालवतंय."

सिद्धेशला सुट्टी नव्हती, म्हणून मुलुंडला दुकानात घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. काका दर वेळी सांगतात तसं सांगितलं त्यांनी: "दिशा, तू माझ्या डाव्या बाजूने चाल." रस्त्यावर त्यांच्या डावीकडे कोणी तरी असावं लागतं.

दुकान स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. चालवणारा मुकुल नावाचा तरुण, बोलायला फटकळ. काय होतंय, त्याने विचारलं. काकांनी डेपोत ड्रायव्हर फोरमनला सांगतो तसं सांगितलं, "सपाटीला चांगली चालते. चढणीला तापते, आवाज करते, मग बसते."

मुकुलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गेम खेळताना बंद पडतो."

त्याने खालचं झाकण उघडलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. "काका," तो म्हणाला, "यात सत्यनारायण घातला होता काय?"

आत पंख्याच्या तोंडाशी लाल-पिवळा थर जमला होता, ओल लागून घट्ट झालेला. हळद आणि कुंकू. तांब्याच्या पात्यांच्या फटींमध्ये झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. आणि पंख्याच्या पात्यांमध्ये अडकलेली एक अक्षत, कुंकवाने लाल झालेली, तुटलेलीसुद्धा नाही.

काका वाकून बघत होते. "दसऱ्याची पूजा आहे ती," ते म्हणाले.

"लॅपटॉपची?"

"गाडीची. दसऱ्याला गाडीची पूजा नाही करत?"

"करतो ना. माझ्या स्कूटरला मीपण हार घालतो. पण काका, बॉनेट उघडून इंजिनात तांदूळ टाकता का?"

काकांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. "नाही. हळदकुंकू पुढच्या जाळीला लावतो. रेडिएटरच्या. हार पण तिथेच बांधतो." मग लॅपटॉपच्या मागच्या बाजूची बारीक जाळी, जिथून गरम हवा बाहेर येते, ती त्यांनी बोटाने दाखवली. "ही तीच जाळी ना?"

"तीच," मुकुल म्हणाला. "बरोबर ओळखलीत. म्हणूनच तर वाट लागली."

दर दसऱ्याला काकांनी लॅपटॉप पाटावर ठेवून, त्याच्या जाळीला आधी हळद, मग कुंकू लावलं होतं, वर अक्षता टाकल्या होत्या आणि फूल पाण्यात बुडवून शिंपडलं होतं. डेपोत त्यांनी प्रत्येक वर्षी आपल्या बसला तसंच केलं होतं, आणि बसला कधी काही झालं नव्हतं.

ते ऐकताना मुकुल हसत होता, पण थोड्या वेळाने आपोआप थांबला. पंखा नवीन टाकावा लागेल, चिपवरची पेस्ट वाळलीय ती बदलू, रॅम बसवू, असं तो पटापट म्हणाला. मग त्याने कसली तरी तपासणी लावली आणि त्याचा चेहरा बदलला. "हार्ड डिस्कपण जायला आलीय. सगळं नव्या एसएसडीवर उतरवून देतो. पण मधले काही तुकडे वाचताच येत नाहीयेत. जेवढं येईल तेवढं येईल."

"रस्ता येईल?" काकांनी विचारलं.

"कुठला रस्ता?"

मी सांगितलं. कोल्हापूरची मुलं, कशेडी, आता कुठेच न मिळणारा तो नकाशा. मुकुल ऐकत होता. फटकळ काही बोलला नाही. "बघतो काका," म्हणाला. "शब्द नाही देत."

परत येताना नाहूरच्या पुलावर काका म्हणाले, "म्हणजे मीच तिला घाटात बसवत होतो."

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं, पदराने तोंड झाकून पोटभर हसल्या, आणि मग म्हणाल्या, "देवाक काय, कुंकू पोचला. आता थंड बसा."

पण थंड बसणं जमत नव्हतं. ते दिवस मला आठवतात ते समोरच्या उघड्या दारातून दिसायचे तसे. शिलाई मशीनच्या टेबलावर स्टिअरिंग तसंच आवळलेलं, त्याची वायर खाली लोंबकळतेय, समोर लॅपटॉपच्या जागी नुसती भिंत. दुपारी थेंब घालून झाले की काका डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि हात आपोआप स्टिअरिंगवर जायचे. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मग एक मोठं वळण. पायही हलायचा. काकू आतून बघायच्या आणि हाक न मारता परत आत जायच्या. एकदा त्यांनी आईला म्हटलं, "सपनात जाता तसो जाता." वाटी-चमचा त्यांनी मांडणीत परत लावला होता. डाळ वाढायला तीच वाटी होती, पण त्या दुसरी काढायच्या.

सिद्धेश रोज फोन करून विचारायचा, मुकुलचा फोन आला का. त्याला आता स्वतःलाच त्या रस्त्याची काळजी लागली होती. "पप्पा, नाहीच आला रस्ता तर आपण खरंच जाऊ. मी चालवतो, तुम्ही पुढे बसा," तो म्हणाला.

"जावया की," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर काकूंना म्हणाले, "पुढे तू बसतलंस. माका मागे चालात." मुलाने न्यावं हे चांगलंच होतं. पण कबूल काय केलं होतं ते वेगळं होतं.

श्रावणातल्या एका शनिवारी मुकुलने बोलावलं. लॅपटॉप उघडून दाखवला, आणि तो सुरू व्हायला पूर्वी चहा होईपर्यंत लागायचा तो बघता बघता सुरू झाला. काका कान लावून म्हणाले, "आवाजच नाही. चालू आहे ना?"

"नवा पंखा आहे काका. रस्ता आलाय. सुरू करून पाहिलं मी, पनवेलहून थोडा पुढे गेलो. काही चित्रं राहिली असतील इकडेतिकडे, ती डिस्कच्या त्या खराब तुकड्यांत होती, ती मेली. ते चालवाल तेव्हा कळेल." मग त्याने लॅपटॉप पिशवीत घालून दिला आणि पिशवी हातात देताना म्हणाला, "आणि यंदा दसऱ्याला झाकणावर लावा. फक्त झाकणावर. टिळा. एक."

"एकच," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सिद्धेश संध्याकाळी येणार होता. "थांबू नका माझ्यासाठी, काढा गाडी," असं त्याने फोनवरच सांगितलं. काकूंनी जेवणं लवकर उरकली, आम्हाला सोलकढी पाठवली आणि पाठोपाठ मलाही बोलावलं. "बस मागे. एक तरी प्यासेंजर व्हयो."

मी पलंगावर, दोघांच्या मागे बसले. काका हात धुऊन आले. पडद्यावर बसभोवती फेरी झाली, चाकं बघून झाली, स्टिअरिंगचा हात कपाळाला लागला. काकूंनी चमचा दोनदा वाजवला. लाल बस पनवेल स्टँडबाहेर आली.

पहिली हिरवी पाटी डावीकडून जवळ आली तेव्हा काकूंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पाटी कोरी होती. खांब होता, हिरवा चौकोन होता, पांढरी किनार होती. आत अक्षर नव्हतं. मला वाटलं ही एकच असेल. पुढची आली. तीही कोरी. मेलेल्या तुकड्यांमध्ये नेमकी गावांची नावं होती. काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा समोर बघितलं आणि म्हणाल्या, "पेण."

"इला पेण? लवकर इला," काका म्हणाले.

"गाडी पळता आज."

पुढे वडखळ आलं, नागोठणं आलं, कोलाड आलं. काकू कोऱ्या पाट्या वाचत राहिल्या. एकदाही चुकल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या खिडकीतल्या प्रवासाने त्यांना गावांचा क्रम पाठ होता, आणि वळणं आणि पूल तर मुलांनी खऱ्यासारखेच बनवले होते. माणगावला त्या म्हणाल्या, "हयसर ती भाजीवाली बसता बघा, जाड." पडद्यावर कोणी नव्हतं. काका म्हणाले, "हां."

पोलादपूर मागे पडलं आणि चढण लागली. काका खुर्चीत सरळ झाले. एक हात स्टिअरिंगवरून काढून त्यांनी लॅपटॉपच्या खाली घातला, ऊब बघितली, पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. पहिलं वळण. दुसरं. जिथे नेहमी चित्र अडखळायचं तिथे झाडं सरळ मागे सरत गेली. चढण संपली, बस माथ्यावरून खाली उतरायला लागली, आणि पलीकडची दरी समोर उघडली. नुसत्या हिरव्या-निळ्या रंगांची दरी. काकांनी तिच्याकडे बघत एक लांब श्वास सोडला.

"ड्रायवरच्या शीटवरसून हयच्या पुढचो रस्तो मी बघूक नाय गो," ते म्हणाले.

"बघा आता," काकू म्हणाल्या. "खेड इला."

मग काकूंना रंग चढला. चिपळूणला त्यांनी वाशिष्ठीला हात जोडले. संगमेश्वरला म्हणाल्या, इथे एकदा एसटी पंक्चर झाली तेव्हा सिद्धू पोटात होता. राजापूर येताच तिथल्या मधूनच प्रकटणाऱ्या गंगेची चौकशी, "गंगा इली हा काय, इचारा कोणाक तरी." काका हसत होते, गिअर बदलत होते, वळणाआधी हॉर्न देत होते. खारेपाटणचा पूल ओलांडला. आता ही आपली हद्द, असं कोणी म्हटलं नाही, पण काका थोडे सावकाश चालवायला लागले.

तळेऱ्याच्या पुढे रस्ता रुंद झाला आणि समोर, बरोबर मधोमध, रस्त्यावरून आडवी जाणारी मोठी पाटी दिसायला लागली. बाजूची नव्हे, डोक्यावरची. ती दुरूनच येत राहिली, मोठी होत राहिली. हिरवी, पांढऱ्या किनारीची, कोरी. समोरचं काकांना लख्ख दिसतं.

त्यांचा पाय पेडलवरून किंचित उचलला गेला. बस हळू झाली.

"कणकवली सरळ," काकू घाईने म्हणाल्या. "डावीकडे वळाचा नाय."

पाटी डोक्यावरून मागे गेली. मग काकांचा पाय पुन्हा खाली आला.

"हां," ते म्हणाले. "सरळ."

कणकवली गेलं. ओसरगाव गेलं. काकूंचा आवाज खाली आला होता, त्या फक्त नाव सांगत होत्या, आणि काका प्रत्येक नावाला मान हलवत होते. कसालचा नाका गेला. पुढे दोन्ही बाजूंना एकसारखी झाडं, मुलांनी एकच झाड पुन्हा पुन्हा लावलेलं, आणि कुंपणाचा एक बुटका तांबडा गडगा. डावीकडून एक छोटी पाटी जवळ येत होती.

"ह्या बोर्डार काय लिवलेला आसा गो?" काकांनी विचारलं.

ते तिकडे बघत नव्हते. काकूंकडेही नाही. समोर रस्त्यावर बघत होते.

काकू पाटीकडे बघत राहिल्या. ती अगदी पडद्याच्या कडेला आली तेव्हा म्हणाल्या, "वेताळमळा."

आणि त्यांनी वाटीवर चमचा वाजवला. एकदाच.

काकांनी डावा इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, बस सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मग दार उघडायचं बटण दाबलं. फस्स असा आवाज होऊन पडद्यावरचं दार उघडलं. कोणी उतरलं नाही. इंडिकेटर टिकटिकत होता, तेवढाच आवाज. नवा पंखा फिरत होता की नाही तेही कळत नव्हतं.

"आपलो आंबो तो?" थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. गडग्यापाशी त्या झाडांपैकीच एक होतं.

काका पुढे वाकले. "आंबो खंय? काजू आसा तो."

"दिसता तुमका?"

"दिसता. समोर आसा मा."

काकूंनी स्टूल काकांच्या खुर्चीला टेकेपर्यंत सरकवलं. दोघं त्या उघड्या दाराकडे बघत बसले. वाटी काकूंच्या मांडीवर होती आणि चमचा वाटीत. मी मागे बसून दोन घंटांची वाट पाहत होते. खाली सिद्धेशच्या स्कूटरचा आवाज आला, जिन्यात पावलं वाजली, तरी त्या वाजल्या नाहीत.